श्रद्धेचा वारसा आणि स्त्रियांची लेखणी

नागपुराहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग गोंदिया सोडल्यावर आमगाव, सालेकसा ही स्थानके घेत पूर्वेस जातो आणि दरेकसा येथे डोंगरात शिरतो. दरेकसा हे सालेकसा तालुक्यातील लहानसे गाव. मराठी मुलूख येथे संपत येतो आणि पुढच्या बोगद्यापलीकडे छत्तीसगड लागते. दाट रान, हाजरा धबधबा, दोन प्रांतांच्या मधली खिंड, असे ह्या स्थळाचे वर्णन एखाद्या प्रवासवृत्तास शोभून दिसेल. आमचे लक्ष ह्या गावाकडे वेधले गेले ते मात्र निराळ्या कारणाने. धर्मश्रद्धा आणि स्त्रियांचे लेखन ह्यांच्या संबंधाचा विचार करू लागले असता दोन कथा ह्या खिंडीपाशी एकत्र येतात. त्यांतील एक डोंगराच्या पोटातली आहे, दुसरी रुळांवरून गेलेली आहे.

डोंगरातली कथा अशी. दरेकशाजवळच्या धनेगावच्या रानात कचारगडची प्रचंड गुहा आहे. गोंड लोकांच्या श्रद्धेप्रमाणे त्यांच्या कुळांचे आद्य पूर्वज ह्याच गुहेत कोंडले गेले होते आणि त्यांच्या सुटकेपासून गोंडी धर्माचा आरंभ झाला. रुळांवरची कथा १८९३ च्या सुमारासची आहे. नागपुराहून राजनांदगावास जाणाऱ्या गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने एका तरुण मराठी कवीच्या हाती बायबलाचा नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. राजनांदगावची गाडी ह्याच खिंडीतून जाते. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या एका लहानशा पुस्तकाच्या धक्क्याने त्यांच्या पत्नीचा संसार दुभंगला, आणि त्याच दुभंगातून चाळीस वर्षांनी मराठी गद्यातील एक अपूर्व ग्रंथ जन्मास आला.

धर्माचा इतिहास लिहिणारे बहुधा संस्थापकांची चरित्रे, ग्रंथ, परिषदा आणि दीक्षेच्या तिथी सांगतात. त्या इतिहासात स्त्री असते ती कोणाची तरी माता, पत्नी किंवा शिष्या म्हणून. तिला नाव जसे प्रथम पित्याकडून आणि मग पतीकडून मिळते तसाच धर्मही मिळतो. तो तिने निवडलेला नसतो. आमचे म्हणणे इतकेच आहे की, ह्या मिळालेल्या वारशाचा हिशेब ती ज्या दिवशी स्वतः मागू लागते त्या दिवशी तिच्या लेखणीस खरा आरंभ होतो. हा हिशेब जुन्या धर्मात राहून मागता येतो, नव्या धर्मात जाऊन मागता येतो, किंवा जो धर्म लोकांनी धर्मच मानला नाही त्यावर हक्क सांगूनही मागता येतो. समाजात खोलवर जो पालट होतो तो दीक्षेच्या समारंभाने होतो त्याहून अधिक अशा हिशेबाने होतो.

प्रथम टिळकांच्या घराकडे वळू. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे झाला. माहेरचे आडनाव गोखले. वडिलांचे सोवळे इतके पराकोटीस गेलेले होते की, सारे घर त्या एका वेडाभोवती फिरत असे. ह्या वेडाच्या मुळाशी भीतीही होती. लक्ष्मीबाईंच्या मातामहांस १८५७ च्या धामधुमीत फाशी झाले होते आणि त्या आघातानंतर वडिलांचे मन शुचिर्भूततेच्या आश्रयास गेले. म्हणजे ज्या आचाराला आपण धर्म म्हणून ओळखतो त्याच्या पोटात राजकीय उत्पाताचे भय दडलेले असू शकते, हे लक्ष्मीबाईंच्या लेखनात पहिल्याच पानांपासून दिसते. त्या सिद्धान्त सांगत नाहीत. पाणी, लाकडे, धान्य आणि मुलांचे हाल ह्यांच्या गोष्टी सांगतात, आणि सिद्धान्त वाचकास आपोआप उमगतो.

अकरा-बारा वर्षांच्या वयात त्यांचे लग्न झाले. अक्षरओळख झाली ती पतीकडून. शाळा त्यांनी पाहिली नाही. पती बुद्धिमान, लहरी, उदार आणि संसारास सर्वस्वी निरुपयोगी. अशा पतीच्या मागे गावोगाव फिरत असता एक दिवस त्यांच्या कानावर बातमी आली की, तो ख्रिस्ती झाला. हा निर्णय त्यांना विचारून घेतलेला नव्हता. येथे आम्हांस वाचकांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधावयाचे आहे. टिळकांच्या धर्मांतराचे वर्णन करणारे बहुतेक लेखक त्यांच्या अंतःकरणातील झगडा, त्यांचा त्याग, नातलगांनी केलेला कोप ह्यांविषयी लिहितात, आणि ते यथार्थच आहे. परंतु टिळकांस निदान आपण काय सोडतो व काय घेतो हे ठाऊक होते. लक्ष्मीबाईंच्या वाट्यास पती जिवंत असून नसल्यासारखी स्थिती आली. सुवासिनी म्हणावे तर घर नाही, विधवा म्हणावे तर पती हयात. त्यांच्या ओळखीस समाजाच्या कोशात शब्दच उरला नाही.

सुमारे चार-पाच वर्षे हा वियोग चालला. त्यांतला काही काळ त्यांनी पंढरपुरास काढला. नंतर त्या मुलास घेऊन तेव्हाच्या अहमदनगरास टिळकांकडे परतल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. एकाच संसारात दोन चुली झाल्या, पाण्याची भांडी निराळी झाली. पती ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत शिकवीत आहे आणि पत्नी आपले सोवळे सांभाळीत आहे, असे ते विलक्षण घर होते. टिळकांच्या मोठेपणाचा एक भाग असा की, ह्या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. पुढे एके दिवशी विचार करता करता लक्ष्मीबाईंच्या मनाने निश्चय केला की, देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. जातिभेद आधी गळाला आणि दीक्षा मागाहून आली. तांब्यातले पाणी हीच त्यांची धर्मपरिषद होती. पुरुषाचे धर्मांतर ग्रंथापासून सुरू होऊन घरापर्यंत पोचले. स्त्रीचे स्वयंपाकघरापासून सुरू होऊन ग्रंथापर्यंत गेले. सामाजिक सुधारणेचा इतिहास आपण व्याख्यानांच्या वृत्तांतांवरून लिहितो तेव्हा ह्या दुसऱ्या वाटेची नोंद राहून जाते. ज्या घरात पुरुष सभेत जातिभेदावर तोफ डागतो आणि आत आड-पडदा तसाच राहतो, त्या घरात काहीच बदललेले नसते हे सांगावयास नको.

'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या. टिळकांचे निधन १९१९ साली झाले होते. म्हणजे पतीच्या आठवणी सांगावयास बसलेल्या ह्या स्त्रीला आपलेही चरित्र आहे हे लिहिता लिहिता उमगले असले पाहिजे. ग्रंथाची थोरवी त्यातील हास्यात आहे. सोवळ्याचे वेड, टिळकांचा भोळेपणा, स्वतःची अडाणी फजिती, मिशनातील लोकांचे चालणेबोलणे, ह्या सर्वांकडे त्या एकाच डोळ्याने पाहतात. सोडलेल्या धर्माची निंदा नाही आणि स्वीकारलेल्या धर्माची जाहिरात नाही. धर्मांतरितांच्या लेखनात ही समता दुर्मिळ असते. ती कोठून आली? आम्हांस वाटते, आपली श्रद्धा कोणास पटवून देण्याचे ओझे त्यांच्यावर उरले नव्हते म्हणून. हिशेब चुकता झालेला माणूसच असा मोकळेपणे हसू शकतो.

टिळकांनी ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करण्यास घेतले होते. त्यांच्या हयातीत 'ख्रिस्तायना'चे दहा-अकरा अध्यायच होऊ शकले. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि ग्रंथ त्यांच्या पश्चात १९३८ साली निघाला. पुराणाच्या ओवीत येशूची कथा सांगणारी ही स्त्री कोणत्या परंपरेची? मुक्तेश्वर-श्रीधरांच्या की चर्चच्या? ज्यास हा प्रश्न अडचणीचा वाटतो त्याला धर्म आणि संस्कृती ही दोन्ही एकाच कुलुपाखाली ठेवण्याची सवय लागली आहे असे समजावे. लक्ष्मीबाईंना ही अडचण पडली नाही.

लक्ष्मीबाईंच्या शेजारी पंडिता रमाबाईंस उभे केले म्हणजे चित्र पुरे होते. एकीस धर्माचा पेच पतीकडून आला, दुसरी स्वतःच्या विद्येने त्यात शिरली. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई संस्कृत शास्त्रांत पारंगत होत्या आणि शास्त्रे वाचूनच त्यांचे समाधान ढळले, कारण स्त्रीला मोक्षाचा स्वतंत्र अधिकार त्यांत त्यांना आढळेना. 'स्त्रीधर्मनीति' त्यांनी १८८२ साली लिहिली. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडात वाँटेज येथे त्या ख्रिस्ती झाल्या. परंतु एक प्रमाण सोडून दुसऱ्या प्रमाणापुढे मान तुकविणारी ती बाई नव्हती. तेथील धर्मभगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात चर्चच्या अनेक मतांविषयी त्यांनी निर्भयपणे शंका काढल्या आहेत. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे असण्यासही त्यांचा आक्षेप होता. अक्षरे हवीत तर ती संस्कृत का असू नयेत, असा त्यांचा रोख. श्रद्धा बदलली म्हणून देश, भाषा आणि अन्नपाण्याची रीत बदलली पाहिजे हे त्यांनी मान्य केले नाही.

ह्या बाणेदारपणाची किंमत त्यांना दोन्हीकडे मोजावी लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडलेले शारदासदन पुढे पुण्यास आले. तेथे मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जात असल्याचा गवगवा होऊन १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली नेल्या. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार होते असे आम्ही म्हणत नाही. धर्माबाबत तटस्थतेचे आश्वासन देऊन काढलेल्या संस्थेत चालिकेची श्रद्धा इतकी उत्कट असल्यावर पालकांस शंका येणे स्वाभाविक होते. परंतु त्या वादात ज्या बालविधवांसाठी हे सारे चालले होते त्यांचे मत कोणी विचारले नाही, ही गोष्ट दोन्ही पक्षांस विचार करावयास लावणारी आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात आल्या आणि उपासमारीने देशोधडीस लागलेल्या सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा त्यांनी आपल्याबरोबर नेल्या. केडगावच्या 'मुक्ती'ची उभारणी ह्या मुलींपासून झाली. ह्याच प्रांतातून धान्याच्या गाड्या बाहेर जाव्यात म्हणून १८८० नंतर नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग दरेकशाच्या डोंगरातून नेला होता, आणि १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीने तो पुढे रुंद केला होता. एकाच लोहमार्गाच्या काळात तांदूळ बाहेर गेला, नवे ग्रंथ आत आले आणि अनाथ मुली परमुलखास निघाल्या. रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीस हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरविले, ते अल्पशिक्षित स्त्रियांना वाचता यावे म्हणून. पंडितांची भाषा हातची असलेल्या विदुषीने ती बाजूस ठेवावी, ह्यातच तिच्या धर्माची दिशा दिसते.

येथे एक आक्षेप येईल. लिहिणाऱ्या स्त्रीने धर्माकडे हिशेबच मागितला पाहिजे असे कोठे आहे? महदाइसा, जनाबाई, बहिणाबाई ह्यांनी निस्सीम भक्तीतूनच काव्य केले ना? आक्षेप विचारार्ह आहे. पण ह्या नावांकडे थोडे निरखून पाहावे. महदाइसा ही मराठीची आद्य कवयित्री. तिचे धवळे रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या लग्नलीळेसाठी रचले गेले. 'लीळाचरित्रा'त ती दिसते ती सारखी प्रश्न विचारणारी शिष्या म्हणून. ज्या पंथात स्त्रीच्या मासिक धर्माचा विटाळ मानू नये असे खुद्द आचार्य सांगतात, ज्या पंथाने संस्कृत टाकून मराठी धरली, त्या पंथात ही वाणी उमटली, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. बहिणाबाईंनी शूद्र मानलेल्या तुकोबांस गुरू केले तेव्हा घरात पतीचा केवढा रोष सोसला! भक्ती हीही हिशेब मागण्याची एक रीत होती. फक्त हिशेब देवापुढे ठेवला जाई, समाजापुढे नव्हे.

तो समाजापुढे ठेवण्याचे काम एकोणिसाव्या शतकाने केले. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुराणांतील देवांनाही साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्यांनी धर्म सोडला नाही. त्या घरात राहूनच भांडल्या. पण त्यांच्याही आधी, १८५५ साली, जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई ह्या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना ह्या चौदा वर्षांच्या मुलीने जो प्रश्न केला त्याचे उत्तर देणे अद्याप कोणास साधलेले नाही. वेद एका वर्णाचे, आम्हांस ते पाहण्याचीही मनाई. मग आमचा धर्म कोणता, आमचा ग्रंथ कोणता, असे ती देवास विचारते. त्याच निबंधात उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या जातीच्या स्त्रियांच्या हालांचे वर्णन आहे. धर्मग्रंथाचा अधिकार आणि बाळंतिणीच्या डोक्यावरचे छप्पर, हे दोन प्रश्न तिला निराळे वाटले नाहीत.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिले गेले, जेव्हा डॉ. आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. त्या दिवसाची तयारी स्त्रियांनी पुष्कळ आधीपासून चालविली होती हे मात्र फारसे सांगितले जात नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरासच दलित वर्ग महिला परिषद भरली होती. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वास बंदी आणि कामकरी स्त्रियांच्या सवलती ह्यांविषयी ठराव केले. म्हणजे नवा धर्म येण्यापूर्वी चौदा वर्षे नव्या संसाराचा आराखडा ह्या स्त्रियांच्या मनात तयार होता.

दीक्षेनंतरच्या पिढीत ज्या स्त्रिया लिहित्या झाल्या त्यांच्या लेखनात ओळखीचा प्रश्न फार तीव्र झाला आहे. नागपूरच्या कुमुद पावडे ह्यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) ह्या पुस्तकात त्यांच्या संस्कृताभ्यासाची हकीकत आहे. एम. ए. झालेल्या दलित मुलीस संस्कृत शिकविण्याची नोकरी मिळेना. विवाहाने सोमकुवर आडनाव जाऊन पावडे हे आले, तेव्हा मिळाली. ज्ञान तेच, बाई तीच. बदलले ते आडनाव. ह्या यशाचा आनंद त्यांना निर्भेळ वाटला नाही, आणि तो तसा वाटू नये ह्यातच त्यांच्या आत्मसन्मानाची खूण आहे. फलटणच्या बेबी कांबळे ह्यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) ची गोष्ट आणखी बोलकी आहे. समाजाच्या मुक्तीची ही कहाणी त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून लिहिली. ज्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब ह्यांच्या तसबिरी होत्या त्याच घरात गृहिणीस आपली वही दडवावी लागावी, ह्याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा? धर्म बदलला तरी पतीची सत्ता आपोआप बदलत नाही. तिचा निराळा हिशेब मागावा लागतो.

आता कचारगडच्या गुहेकडे जाऊ. गोंडांच्या उत्पत्तिकथेस पहिल्याने छापील रूप मिळाले ते नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांच्यामुळे. लिंगोचे दीर्घ गीत त्यांनी परधान गायकाकडून टिपून घेतले. १८६३ साली ते बुडून वारल्यावर रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ साली ते त्यांच्या कागदांतून प्रसिद्ध केले. त्यात गोंडांना महादेव गुहेत कोंडतो आणि लिंगो त्यांची सुटका करतो. गीतातील काचीकोपा लोहागड हे स्थान म्हणजेच आपले कचारगड, असे आजचे गोंड मानतात. ह्या छापील पाठात लिंगोच्या भावजया त्यास भुलवू पाहणाऱ्या आणि मागाहून त्याच्यावर आळ घेणाऱ्या आहेत.

ह्याच गुहेभोवती गोंडांच्या तोंडी जी परंपरा चालत आली आहे, तिच्यात स्त्रीची मूर्ती पार निराळी आहे. कोंडलेली मुले कली कंकालीची. तिचा आक्रोश कथेच्या मुळाशी आहे. हिरासुका ह्या वादकाच्या संगीताने गुहेचे दार मोकळे होते, आणि त्या मुलांचा सांभाळ करणारी जंगो रायताड ही तर टाकलेल्या व निराधार स्त्रियांची कैवारी म्हणून पूजिली जाते. मग पारी कुपार लिंगो त्यांना धर्म सांगतो. कथा तीच, परंतु एका पाठात स्त्री मोहाचे कारण आहे आणि दुसऱ्यात धर्माची दाई. कथा कोणी सांगितली, कोणी ऐकली आणि कोणी छापली ह्यावर स्त्रीचे धर्मातील स्थान किती अवलंबून असते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

१९८४ च्या सुमारास डॉ. मोतीरावण कंगाली, सुन्हेरसिंह ताराम आदी मोजक्या मंडळींनी कचारगडच्या यात्रेस नव्याने चालना दिली. आज माघी पौर्णिमेस मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा अनेक राज्यांतून लक्षावधी गोंड येथे जमतात आणि त्यांतील पुष्कळजण दरेकशाच्या लहानशा स्थानकावर उतरतात. येथे कोणी धर्म बदलावयास येत नाही. आपल्याला धर्म होता आणि आहे, हे सांगावयास येतात. २०११ च्या जनगणनेत दहा लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म गोंडी म्हणून लिहविला, आणि गोंडी ही मातृभाषा सांगणारे जवळजवळ तीस लाख होते. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत त्या भाषेस स्थान नाही.

ह्या चळवळीतून पुढे आलेल्या लेखिकांमध्ये उषाकिरण आत्राम ह्यांचे नाव अग्रगण्य आहे. ताराम ह्यांनी चालविलेल्या 'गोंडवाना दर्शन' मासिकाशी आणि कचारगडच्या कार्याशी त्या दीर्घकाळ निगडित आहेत. गोंडी, मराठी व हिंदी अशा तिन्ही भाषांत त्या लिहितात. 'म्होरकी' आणि 'मोट्यारिन' ही त्यांच्या कवितासंग्रहांची नावेच त्यांचा पक्ष सांगतात. कळपाच्या पुढे चालून वाट दाखविणारी ती म्होरकी. आणि मोटियारी म्हणजे गोटुलातली तरुणी. ज्या गोटुलाचे वर्णन परकीयांनी कुतूहलाने आणि नागर लेखकांनी नाक मुरडून केले, त्या गोटुलातल्या मुलीचे नाव एका गोंड स्त्रीने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मानाने लिहावे, ही साधी गोष्ट नाही. मुक्ताबाईंनी विचारले होते की, आमचा धर्म कोणता? येथे उत्तर असे आहे की, तो आमच्या आजीच्या गाण्यात होता. तुम्ही तो वाचला नाही, कारण तो लिहिलेला नव्हता.

परंतु ह्या लेखिकांपुढचा पेचही लहान नाही. गोंडीत लिहावे तर वाचक थोडे आणि शाळेत ती भाषा नाही. मराठी-हिंदीत लिहावे तर आपली ओळख परक्या शब्दांत सांगावी लागते. दुसरा पेच आतला आहे. पूर्वजांच्या धर्माचा अभिमान जागविताना त्यातील प्रत्येक रूढी पवित्र ठरण्याचा धोका असतो. जंगो रायताडची पूजा करणाऱ्या समाजातही टाकलेल्या बाईचे जिणे आपोआप सुखाचे होत नाही, जसे सरस्वतीच्या पूजेने मुलींच्या शाळा निघाल्या नाहीत. देवीचा जयजयकार करणे सोपे. घरच्या मुलीस दहावीपुढे शिकविणे आणि जमिनीच्या कागदावर तिचे नाव चढविणे कठीण. जंगोची कथा ह्या कामी लावावयाची, की केवळ यात्रेच्या मांडवात ठेवावयाची, हे त्या समाजातील स्त्रियाच ठरवितील, आणि बहुधा लिहून ठरवितील.

एवढ्या विवेचनावरून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. ह्या स्त्रियांना एका माळेत ओवणारा धर्म कोणताच नाही. त्या ख्रिस्ती आहेत, महानुभाव आहेत, वारकरी, बौद्ध, गोंडी आहेत. काहींनी घर सोडले, काहींनी धरून ठेवले, काहींनी ते पडक्या भिंतींतून पुन्हा उभे केले. परंतु जे आपल्या वाट्यास आले ते आपले कसे, हा प्रश्न प्रत्येकीने स्वतःस केला, आणि उत्तर पिता, पती, पाद्री किंवा पुढारी ह्यांच्याकडून उसने घेतले नाही. म्हणून त्यांचे लेखन त्या त्या पंथाच्या बाहेरही वाचले जाते. पंथाचा प्रचार पंथापुरता राहतो; माणसाचा प्रामाणिक हिशेब सर्वांच्या कामी येतो.

आमच्या वाङ्मयेतिहासात अद्याप संतकवयित्रींचे एक दालन, ख्रिस्ती वाङ्मयाचे दुसरे, दलित साहित्याचे तिसरे आणि आदिवासी साहित्याचे अगदी कोपऱ्यातले चौथे, अशी मांडणी असते. सोयीसाठी ती ठीक आहे. पण तिच्यामुळे लक्ष्मीबाईंचा तांब्या, बेबीताईंची दडविलेली वही आणि आत्रामबाईंची म्होरकी ह्या एकाच इतिहासाच्या खुणा आहेत हे नजरेआड होते. वाचकांनी निदान आपल्या घरापुरते तरी हे कपाट नव्याने लावावे. आणि घरात एखादी आजी किंवा आत्या अजून सांगावयास असेल, तर तिने कोणता आचार केव्हा सोडला, कोणता मुद्दाम धरला आणि का, हे तिच्याच तोंडून ऐकून, जमल्यास तिच्याच हातून, लिहवून ठेवावे. तारखा आणि ठराव सरकारी दप्तरांत सापडतील. हे मात्र तिच्या मागे कोठेही सापडावयाचे नाही.